रयतेचे वकील आणि रस्त्यावरची रयत: इंडोनेशियात नेमकं काय बिघडलं?

इंडोनेशियाच्या संसदेचं नाव आहे 'देवान परवाकिलान राक्यात'. कानाला परकं वाटणारं हे नाव जरा सावकाश वाचून पाहा. 'देवान' हा आपल्याच दिवाणाचा भाऊ, म्हणजे सभा, दरबार. 'वाकिल' म्हणजे वकील. काळा कोट घालून कोर्टात उभा राहणारा नव्हे, पेशव्यांचा वकील निजामाच्या दरबारी असायचा ना, तसा. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. आणि 'राक्यात' म्हणजे रयत. तिकडे खासदाराला आजही 'वाकिल राक्यात' म्हणतात. रयतेचा वकील.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ही रयत आपल्याच वकिलांवर उलटली. सरकारी इमारती पेटल्या, खासदारांची घरं लुटली गेली, किमान १० माणसांचा जीव गेला. बातम्यांमध्ये कारण सांगितलं गेलं ते खासदारांच्या भत्त्याचं. ते खोटं नव्हतं. पण नुसत्या भत्त्यासाठी एवढा मोठा देश पेटत नाही. सरपण कधीपासून रचलं जात होतं ते बघायचं, तर आधी ठिणगी कशी पडली ते सांगायला हवं.

त्या महिन्यात लोकांना कळलं की ५८० खासदारांना दरमहा ५ कोटी रुपियाह घरभाडे भत्ता मिळतो. आपल्या पैशांत हे अडीच लाखांहून जास्त होतात. राजधानी जकार्तामध्ये कामगाराचं किमान मासिक वेतन २०२५ मध्ये ५४ लाख रुपियाहच्या आसपास होतं, म्हणजे खासदाराचं नुसतं घरभाडंच कामगाराच्या नऊ पगारांएवढं. मध्य जावासारख्या प्रांतात किमान वेतन याच्याही निम्म्याहून कमी. तिथल्या गिरणीतल्या बाईने दोन वर्षं राबून जे मिळवायचं, ते यांना एका महिन्याच्या भाड्यापोटी. खासदारांना पूर्वी सरकारी घरं होती, ती काढून घेतली म्हणून हा भत्ता, असा खुलासा झाला. एका खासदारबाईंनी घरापासून संसदेपर्यंतच्या वाहतूक कोंडीचा त्रास सांगितला. रोज त्याच कोंडीत दोन-दोन तास दुचाकीवर काढणाऱ्या माणसांना हे ऐकून काय वाटलं असेल!

त्यातच १५ ऑगस्टला संसदेच्या वार्षिक सत्रात वाद्यवृंदाच्या तालावर काही सदस्य नाचतानाचे व्हिडिओ पसरले. संसद बरखास्त करा अशी मागणी सुरू झाली, तेव्हा एका बड्या खासदाराने ही मागणी करणारे म्हणजे जगातले सर्वांत मूर्ख लोक, असं म्हटलं. काही दिवसांनी त्यांचं घर लोकांनी अक्षरशः रिकामं केलं. लुटीचं समर्थन मी करणार नाही. पण तो शब्द किती आत घुसला होता, ते त्यावरून कळतं.

भत्त्याच्या आधी एक छोटी ठिणगी जकार्तापासून दूर, मध्य जावातल्या पाती नावाच्या जिल्ह्यात पडली होती. मला स्वतःला भत्त्यापेक्षा ही गोष्ट जास्त बोलकी वाटते. जिल्ह्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला तिकडे 'बुपाती' म्हणतात. आपला भूपतीच तो. पातीचे बुपाती सुदेवो यांनी जमीन आणि घरांवरचा कर २५० टक्क्यांपर्यंत वाढवला. लोक विरोध करू लागले, तेव्हा पाच हजार काय, पन्नास हजार माणसं आली तरी मागे हटणार नाही, अशा अर्थाचं ते बोलून गेले. लोकांनी ते आव्हान समजून घेतलं. आंदोलकांसाठी पिण्याच्या पाण्याचे खोके जमू लागले. कुणी एक आणला, कुणी दहा, आणि बुपातींच्या कचेरीसमोरच्या रस्त्याकडेला खोक्यांची भिंत उभी राहिली. अधिकाऱ्यांनी ते खोके उचलायचा प्रयत्न केला, त्यावरून आणखी भडका उडाला. तोवर बुपातींनी करवाढ मागे घेतली होती. तरी १३ ऑगस्टला हजारोंच्या संख्येने लोक आलेच. आता त्यांना कराचा कागद नको होता, बुपातींचा राजीनामा हवा होता.

आता हे बुपाती एकाएकी एवढा कर का वाढवायला निघाले? इथे सगळा गुंता आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांनी सरकारी खर्चात सुमारे ३०६ लाख कोटी रुपियाहची कपात केली. त्यातले ५० लाख कोटींच्या आसपास जिल्ह्यांना आणि प्रांतांना केंद्राकडून जाणारे पैसे होते. दुसऱ्या बाजूला प्राबोवोंची सर्वांत लाडकी योजना सुरू झाली, शाळकरी मुलांना आणि गरोदर बायकांना मोफत पौष्टिक जेवण. तिला त्या वर्षासाठी आधी ७१ लाख कोटी रुपियाह ठेवले आणि पुढे त्यात आणखी भर पडली. मुलांना जेवण देण्याला कोण विरोध करेल? आपल्याकडच्या शाळांतली खिचडी आपण पाहिलेली आहे. पण घाईघाईने उभारलेल्या या योजनेत हजारो मुलांना अन्नातून विषबाधा झाली. आणि वरून पैसा आटला की खालचा बुपाती कुठून आणणार? तो शेतकऱ्याच्या घरपट्टीवर हात टाकतो. केंद्रात घेतलेला निर्णय असा पायरी-पायरीने खाली उतरतो आणि पातीच्या एखाद्या म्हातारीच्या हातात कराची पावती म्हणून पडतो.

याच सुमारास कामंही जात होती. सुकोहार्जो इथली, एके काळी त्या भागातली सर्वांत मोठी मानली जाणारी कापडगिरणी मार्च २०२५ मध्ये बंद पडली आणि १० हजारांहून अधिक कामगार घरी बसले. गिरण्यांचा संप आणि त्यानंतरची गिरणगावातली रिकामी घरं ज्या घरांनी पाहिली आहेत, त्यांना सुकोहार्जो वेगळं समजावून सांगायला नको. अशा माणसांपैकी पुष्कळ जण मोटरसायकल काढतात आणि 'ओजोल' होतात.

ओजोल म्हणजे 'ओजेक ऑनलाइन'. ॲपवरून माणसांची आणि जेवणाची ने-आण करणारा दुचाकीस्वार. हिरवं जॅकेट, डोक्याला हेल्मेट, हँडलला अडकवलेला फोन. कंपन्यांच्या करारात या स्वाराला म्हणतात 'मित्रा'. हो, आपलाच मित्र. कंपनीचा भागीदार, नोकर नव्हे. हा शब्द गोड आहे, पण त्या एका शब्दामुळे किमान वेतन, भरपगारी रजा, कामाचे ठरलेले तास यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. भाड्यातला २० टक्क्यांपर्यंतचा वाटा कंपनीने घ्यावा असा तेव्हा नियम होता. प्रत्यक्षात त्याहून जास्त कापलं जातं अशी स्वारांची तक्रार. मे २०२५ मध्ये हा वाटा कमी करावा या मागणीसाठी ते रस्त्यावर आले होते. तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

२८ ऑगस्टला कामगार संघटनांचा मोर्चा होता. संध्याकाळी पोलिसांनी संसदेजवळची गर्दी पांगवायला सुरुवात केली. तिथे पोलिसांच्या सशस्त्र दलाची, 'ब्रिमोब'ची, एक चिलखती गाडी गर्दीत वेगाने घुसली. तिच्याखाली हिरव्या जॅकेटमधला २१ वर्षांचा एक मुलगा सापडला. बातम्यांप्रमाणे तो मोर्च्यात आलेला नव्हता, कुणाचं तरी जेवण पोहोचवायला निघाला होता. गाडी क्षणभर थांबली आणि पुढे निघून गेली. हे सगळं मोबाइलवर चित्रित झालं. दुसऱ्या दिवशी जकार्तातल्या करेत बिवाक कब्रस्तानात त्याला नेलं, तेव्हा मागे हिरव्या जॅकेटांची न संपणारी रांग होती, हजारो दुचाकींची.

त्यानंतर देशाचा तोल गेला. २९ तारखेच्या रात्री मकास्सरमध्ये शहराच्या विधिमंडळाची इमारत पेटवली गेली, आत अडकलेले किमान तीन जण मेले. अर्थमंत्री श्री मुल्यानी इंद्रावती यांच्या घरातही लूटमार झाली. तीन हजारांहून अधिक लोकांना पोलिसांनी धरलं.

पोलिसांवरचा राग त्या एका गाडीपुरता नव्हता. १ ऑक्टोबर २०२२ ला मलांगच्या कांजुरुहान मैदानात फुटबॉलच्या सामन्यानंतर पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला आणि दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत १३५ माणसं गेली. शिक्षा झाली ती मोजक्या लोकांना आणि मोजकीच.

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, गरिबी, महागाई आणि पोलिसांचा मार कुठे नाही? यात लोकशाहीची घसरण कुठून आली? त्यासाठी १९९८ पर्यंत मागे जावं लागेल.

सुहार्तो या लष्करशहाने इंडोनेशियावर तीन दशकांहून अधिक काळ राज्य केलं. सैन्याला तेव्हा दुहेरी भूमिका होती: देशाचं रक्षण आणि देशाचा कारभार, दोन्ही. २१ मे १९९८ ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे आणि कोसळलेल्या अर्थव्यवस्थेपुढे सुहार्तोंना पायउतार व्हावं लागलं. त्यानंतरच्या काळाला तिकडे 'रेफोर्मासी', म्हणजे सुधारणा, म्हणतात. त्या काही वर्षांत इंडोनेशियाने जे उभं केलं ते खरोखर थक्क करणारं होतं. सैन्य राजकारणातून बाहेर काढलं. पोलीस सैन्यापासून वेगळे केले. संविधान चार वेळा दुरुस्त करून राष्ट्राध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती ठेवल्या. संविधान न्यायालय स्थापन केलं. भ्रष्टाचार निर्मूलन आयोग, 'केपीके', असा काढला की त्याने मंत्री, राज्यपाल, इतकंच काय, संसदेच्या विद्यमान सभापतीलाही तुरुंगात धाडलं. २००४ पासून लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडू लागले. १७ हजारांहून अधिक बेटांचा, मुस्लिमबहुल, एवढा मोठा देश शांततेने मतदान करतो आणि सत्ता बदलतो, हे सगळ्या आशियाने कौतुकाने पाहिलं.

ही इमारत कुणी बॉम्ब लावून पाडली नाही. तिच्यातले खिळे एकेक करून काढले गेले, आणि प्रत्येक खिळा कायद्याने, ठराव करून, सभागृहात हात वर करून काढला गेला.

पहिला मोठा खिळा २०१९ चा. संसदेने केपीकेचा कायदा बदलला, आयोगावर देखरेख मंडळ बसवलं आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना सरकारी नोकर करून टाकलं. विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर आले, काहींनी जीव गमावला, कायदा तसाच राहिला. २०२१ मध्ये 'राष्ट्रीय दृष्टी'ची परीक्षा घेऊन आयोगातल्या ५७ जणांना घरी पाठवलं. त्यात नावाजलेले तपास अधिकारी होते. ज्या माजी सभापतीला केपीकेने आत टाकलं होतं, त्यांची शिक्षा पुढे कमी झाली आणि ते २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यात, म्हणजे ऐन असंतोषाच्या दिवसांत, पॅरोलवर बाहेर आले.

दुसरा खिळा न्यायालयाचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो, लोकांचे जोकोवी, २०२४ च्या निवडणुकीला उभे राहू शकत नव्हते, कारण दोन मुदती झाल्या होत्या. त्यांचा मुलगा गिब्रान तेव्हा सोलो शहराचा महापौर होता, वय ३६. उपराष्ट्राध्यक्षपदाला वयाची अट ४० ची. १६ ऑक्टोबर २०२३ ला संविधान न्यायालयाने निकाल दिला की महापौरासारख्या पदावर निवडून आलेल्याला ही अट नाही. सरन्यायाधीश होते अन्वर उस्मान, जोकोवींचे मेहुणे. तीन आठवड्यांत आचारसंहिता भंगाबद्दल त्यांना सरन्यायाधीशपदावरून काढण्यात आलं, पण निकाल कायम राहिला. न्यायालयाचं नाव 'महकमा कोन्स्तितुसी'. लोक त्याला 'महकमा केलुआर्गा' म्हणू लागले, म्हणजे कुटुंब न्यायालय. केलुआर्गा हा आपल्या कुल आणि वर्ग या शब्दांतूनच घडलेला.

गिब्रान प्राबोवोंच्या जोडीने उभे राहिले. प्राबोवो म्हणजे सुहार्तोंचे एके काळचे जावई, विशेष दलाचे सेनानी. १९९८ मध्ये लोकशाहीवादी कार्यकर्त्यांच्या अपहरणाच्या प्रकरणात त्यांना सैन्यातून दूर करण्यात आलं होतं. त्या काळात नाहीसे झालेल्यांपैकी १३ जण अजून परतलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही जोडी ५८ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकली. (२०२५ च्या २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात आपण ज्यांना प्रमुख पाहुणे म्हणून पाहिलं, ते हेच.)

ही ५८ टक्के मतं नजरेआड करून चालणार नाही. लोकांनी प्राबोवोंना मनापासून मत दिलं. पदावरून उतरताना जोकोवीही कमालीचे लोकप्रिय होते. म्हणून 'हुकूमशहाने जनतेवर सत्ता लादली' ही सोपी कथा इथे लागू पडत नाही. लोकांनी माणूस निवडला. पण निवडलेल्या माणसाला मधल्या पाच वर्षांत अडवणाऱ्या ज्या जागा असतात, त्या एकेक करून बंद होत गेल्या. घसरण म्हणतात ती हीच.

या जागांपैकी सर्वांत मोठी जागा म्हणजे विरोधी पक्ष. इंडोनेशियाच्या संसदेत आठ पक्ष आहेत. सात सरकारच्या बाजूला. आठवा, माजी राष्ट्राध्यक्षा मेगावती सुकार्नोपुत्रींचा पक्ष, मंत्रिमंडळाबाहेर आहे, पण तोही स्वतःला विरोधी म्हणवत नाही, 'समतोल राखणारा' म्हणवतो. जिंकलेल्याने हरलेल्यांनाही सत्तेत वाटा द्यायचा ही तिथली जुनी चाल. सगळ्यांनी मिळून-मिसळून राहावं, मसलतीने चालावं, हा संस्कारही त्यामागे आहे. ऐकायला चांगलं वाटतं. पण सगळेच वाटेकरी झाले की वाटपावर प्रश्न कोण विचारणार? शिवाय पक्षाला आपला खासदार मधेच परत बोलावून त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. त्यामुळे रयतेच्या वकिलाचं अशील बदलतं. कागदावर रयत, प्रत्यक्षात पक्षाध्यक्ष.

म्हणूनच कायदे इतक्या झटपट होतात. मार्च २०२५ मध्ये सैन्याचा कायदा बदलला, सेवेतल्या अधिकाऱ्यांना ज्या नागरी खात्यांत बसवता येतं त्यांची संख्या १० वरून १४ केली. चार खाती वाढली, त्यात एवढं काय, असं आपल्याला वाटेल. ज्यांच्या घरातला माणूस १९९८ ला परत आला नाही, त्यांना तसं वाटत नाही. त्या कायद्याची चर्चा खासदारांनी आठवड्याची अखेर गाठून एका पंचतारांकित हॉटेलात केली. नागरी संघटनांचे तीन-चार कार्यकर्ते दार ढकलून आत शिरले, तेव्हा ते देशाला कळलं. कायदा मंजूर झाला त्याच आठवड्यात 'टेम्पो' या नियतकालिकाच्या कचेरीत एका महिला पत्रकाराच्या नावे खोका आला. आत कान कापलेलं डुकराचं मुंडकं होतं. काही दिवसांनी दुसरा खोका, त्यात मुंडकी छाटलेले उंदीर.

सगळ्याच जागा बंद झाल्या असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संसद संविधान न्यायालयाचा एक निकाल रातोरात फिरवू पाहत होती. लोकांनी निळ्या पार्श्वभूमीवरच्या गरुडाचं, त्यांच्या राजचिन्हाचं, चित्र 'आणीबाणीचा इशारा' म्हणून देशभर पसरवलं, संसदेचं फाटक हलवलं, आणि खासदारांना माघार घ्यावी लागली. पण त्यातून जनता एक गोष्ट शिकली: अर्ज करून कुणी ऐकत नाही, फाटक हललं की ऐकतात. लोकशाहीने माणसांना हे शिकवणं मला फार घातक वाटतं. २०२५ चा ऑगस्ट त्या धड्यातूनच आला. स्वातंत्र्याच्या ८० व्या वर्षी, १७ ऑगस्टच्या आधी, ट्रकचालकांनी आणि पोरांनी राष्ट्रध्वजाच्या खाली एका जपानी चित्रकथेतल्या चाच्यांचा झेंडा लावला, गवती टोपी घातलेली कवटी. सरकारमधल्या काहींना त्यात देशद्रोह दिसला. पुढच्याच महिन्यात तोच झेंडा काठमांडूतही फडकला.

३१ ऑगस्टला प्राबोवोंनी भत्ते रद्द होत असल्याचं आणि खासदारांचे परदेश दौरे थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच भाषणात, काही कृत्यं देशद्रोहाकडे आणि दहशतवादाकडे झुकणारी आहेत, असा इशाराही दिला. मला मात्र भाषणापेक्षा त्या वेळचं छायाचित्र आठवतं. राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी मोठ्या पक्षांचे प्रमुख ओळीने उभे होते, मेगावतीसुद्धा. लोकांची तक्रार जी होती, तिचंच ते छायाचित्र.

लोकांनी आपली बाजू कागदावर मांडली. '१७+८' मागण्या: १७ तातडीच्या, ५ सप्टेंबरपर्यंतच्या, ८ वर्षभराच्या, ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच्या. १७ आणि ८ म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा आकडा, १७ ऑगस्ट. त्या मुलाच्या मृत्यूची चौकशी, धरलेल्यांची सुटका, सैन्य बराकीत परत, पक्षांची आणि पोलिसांची सुधारणा, भ्रष्टाचाऱ्यांची मालमत्ता जप्त करणारा कायदा. आंदोलनाचे रंग ठरले गुलाबी आणि हिरवा. हिरवा ओजोलच्या जॅकेटचा. गुलाबी, पोलिसांच्या फळीसमोर एकटी उभी राहिलेल्या एका बाईच्या डोक्यावरच्या ओढणीचा. ३ सप्टेंबरला बायका हातात केरसुण्या घेऊन संसदेसमोर आल्या. मलेशिया, थायलंड, फिलिपिन्समधल्या अनोळखी लोकांनी आपापल्या फोनवरून जकार्तात जेवण मागवलं, आणि पत्त्याच्या जागी निरोप लिहिला की हे तुम्हीच खा.

भत्ता गेला. अर्थमंत्री बदलल्या. गाडीतल्या पोलिसांवर कारवाई झाली, अधिकाऱ्याला बडतर्फ केलं. पण वर्षभराच्या मागण्यांना हात लागायच्या आत, १० नोव्हेंबर २०२५ ला, प्राबोवोंनी आपल्या एके काळच्या सासऱ्यांना, सुहार्तोंना, 'राष्ट्रीय वीर' जाहीर केलं. त्याच दिवशी, त्याच यादीत मार्सिना हे नावही होतं. मार्सिना ही घड्याळाच्या कारखान्यातली कामगार. १९९३ मध्ये, सुहार्तोंच्या राजवटीत, पगारवाढीच्या संपानंतर तिला पळवून, छळ करून मारलं. तिचे मारेकरी आजवर ठरलेले नाहीत.

जकार्तातल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर दर गुरुवारी दुपारी काही माणसं काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून उभी राहतात. १८ जानेवारी २००७ पासून हे चालू आहे. सुरू करणाऱ्यांत एक आई आहे, मारिया कातारिना सुमारसिह. तिचा मुलगा विद्यापीठात शिकत होता. १३ नोव्हेंबर १९९८ ला जखमींना मदत करताना त्याला गोळी लागली. तेव्हापासून एकामागून एक आलेल्या राष्ट्राध्यक्षांना तिने पत्रं लिहिली, प्रासादाच्या फाटकापाशी निवेदनं दिली. सुहार्तो वीर ठरले तो सोमवार होता. तीन दिवसांनी गुरुवार आला. त्या गुरुवारी तारीख १३ नोव्हेंबर होती.